टेबलावरच्या मूर्ती कोणाच्या निवडाव्यात?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : «गेल्या वर्षापासून मी चार मित्रांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा साहसकथेचा खेळ सूत्रधार म्हणून चालवतो आहे. मध्यंतरी एक छोटा रेझिन प्रिंटर, म्हणजे द्रवरूप रेझिन प्रकाशाने घट्ट करून थराथराने वस्तू घडवणारे यंत्र, घेतला आणि मिनिएचरच्या, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्तींच्या, फायली विकत घेण्याचा सपाटाच लावला. आज माझ्याकडे शेकडो फायली आहेत, प्रत्यक्षात काढलेल्या मूर्ती मात्र जेमतेम वीस. त्यांतल्या पाच-सहा मूर्तींचे भाले सपोर्ट, म्हणजे प्रिंट होताना मूर्तीला टेकू देणाऱ्या काड्या, काढतानाच मोडले. शिवाय सगळ्या मूर्ती टेबलावर एकत्र मांडल्या की त्या एका जगातल्या वाटतच नाहीत. तुम्ही स्वतः कोणत्या डिजिटल शिल्पकारांच्या फायली वापरता? फुकट फायलींवर विसंबावे का? आणि एखाद्याचे मासिक सदस्यत्व घ्यावे की सुट्या फायली घ्याव्यात? माझ्या एका मित्राकडे फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा, प्रिंटर आहे; त्याचा काही उपयोग होईल का?»

सप्रेम नमस्कार.

नावे सांगण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबतो, कारण माझ्या मते बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे. मूर्ती एका जगातल्या वाटत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही त्या पडद्यावर पाहून, एकेक सुटी करून आणि दर वेळी वेगळ्या शिल्पकाराकडून घेतल्या, म्हणून असे झाले. विक्रीसाठी केलेले रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेले मूर्तीचे चित्र, पडदाभर मोठे असते आणि त्यात गॉब्लिन या चिमुकल्या राक्षसाच्या नाकावरची चामखीळसुद्धा दिसते. खेळाच्या वेळी तोच गॉब्लिन अंगठ्याच्या पेराएवढा असतो, आणि त्याच्याकडे पाहणारा खेळाडू हातभर अंतरावर बसलेला असतो. त्या खेळाडूला चामखिळीशी काही देणेघेणे नसते. समोरचा गॉब्लिन धनुष्यवाला आहे की भालेवाला, तो पळायच्या बेतात आहे की अंगावर येतो आहे, हे त्याला एका नजरेत कळायला हवे. हे ओळखून जो काम करतो त्याच्या फायली मी घेतो. मग त्याचे रेंडर इतरांपेक्षा साधे दिसले तरी चालते.

हा फरक मापातून येतो. आपल्या खेळातल्या मूर्ती बहुधा 28 किंवा 32 मिलिमीटर मापाच्या असतात, म्हणजे मध्यम उंचीचा माणूस तळपायापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढा भरतो. एवढ्याशा मापात शरीर अगदी खऱ्या प्रमाणात कोरले तर मनगट काडीसारखे होते, तलवार केसासारखी दिसते आणि चेहरा तर दिसतच नाही. म्हणूनच पुट्टीतून हाताने मूर्ती घडवणाऱ्या जुन्या शिल्पकारांनी डोके, पंजे आणि शस्त्रे मुद्दाम मोठी व जाड ठेवण्याची रीत पाडली. त्या शैलीला आपण «हिरोइक» म्हणतो. साच्यातून धातू ओतताना पातळ भाग नीट भरत नसत, त्यामुळे या रीतीला व्यवहाराचाही आधार होता. झीब्रश किंवा ब्लेंडर या संगणकावर शिल्प घडवण्याच्या प्रणालींमध्ये काम करणाऱ्यावर असे कोणतेही बंधन येत नाही. पडद्यावर कागदासारखे पातळ पाते कोरता येते आणि ते सुंदरही दिसते, पण ते टिकेल की नाही हे प्रिंटरमधून बाहेर आल्यावरच कळते.

आत्ता माझ्यासमोर दोन ऑर्क, म्हणजे रानटी योद्धे राक्षस, आहेत. दोन्ही मीच काढलेले, एकाच रेझिनमधले, 0.05 मिलिमीटरच्या थरांचे. पहिल्याच्या चिलखतावर नक्षी इतकी आहे की मोकळी जागाच उरलेली नाही. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, मारल्यावर ती सगळी नक्षी एका राखाडी खरबरीत पृष्ठभागात विरून गेली, आणि मी त्याला रंगवायला बसलो तेव्हा पट्टा कुठे संपतो आणि चामडे कुठे सुरू होते हे मला भिंग लावूनही ठरवता येईना. दुसऱ्याच्या खांद्यावर एकच रुंद लोखंडी पत्रा आहे, त्याला तीन ठसठशीत खिळे आणि कडेला एक खोल खाच. त्यावर काळपट तपकिरी वॉश, म्हणजे पातळ रंग, सोडला की तो आपसूक खाचेत जाऊन बसतो, ड्रायब्रशचे, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याचे, दोन हात फिरवले की खिळे उजळतात, आणि दहा मिनिटांत खांदा पुरा होतो. पहिल्या ऑर्कचा शिल्पकार कमी कौशल्याचा आहे असे मी म्हणणार नाही. त्याने पडद्यासाठी मूर्ती केली आणि दुसऱ्याने टेबलासाठी. यापुढे कोणतीही फाइल घेण्याआधी तिचे रेंडर नखाएवढे लहान करून, डोळे किलकिले करून पाहा. आकृती त्या अवस्थेतही ओळखू आली, हात धडापासून सुटे दिसले आणि शस्त्र कोणते ते कळले, तरच पुढचा विचार करा.

आता नावे. पहिले नाव तुमच्या फुकट फायलींच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. मिगेल झवाला, अर्थात एमझेड4250 या नावाने ओळखले जाणारे शिल्पकार, यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकातला एकेक राक्षस घडवून त्या फायली सर्वांना मोफत खुल्या केल्या. हे काम नेमके केवढे आहे ते खेळ चालवणाऱ्यालाच कळते. ऐन सत्राच्या आदल्या रात्री तुम्हाला एखादा असा प्राणी लागतो की जो कोणताही स्टुडिओ आपल्या आकर्षक मासिक संचात घालणार नाही, आणि तो त्यांच्याकडे हमखास असतो. त्यांच्या मूर्ती साध्या आहेत. कातडीवरचे छिद्रन् छिद्र त्यांत सापडणार नाही, आणि जुन्या फायलींना सपोर्ट बहुधा स्वतःच लावावे लागतात. पण पुस्तकातले चित्र पाहिलेला कोणीही ती मूर्ती लगेच ओळखतो, आणि राक्षसाच्या बाबतीत मला याहून मोठा गुण ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळाच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सोबती टेबलावर स्वस्तातली प्लास्टिकची खेळणी वापरत असत, आणि पाकिटातून निघालेल्या तसल्याच विचित्र प्राण्यांवरून आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे राक्षस जन्माला आले. म्हणजे आधी खेळणे आले आणि मग त्याचे नियम लिहिले गेले. झवालांनी त्याच राक्षसांना पुन्हा हातात धरता येईल असे रूप दिले आणि त्यासाठी पैसे मागितले नाहीत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांच्या कामाला पेट्रिऑन या कलावंतांना वर्गणी देण्याच्या संकेतस्थळावर स्वेच्छेने आधार देता येतो. तुम्ही दहा-बारा मूर्ती वापरल्यात तर तो जरूर द्यावा.

पैसे देऊन घ्यायच्या फायलींमध्ये माझे पहिले नाव आर्टिझन गिल्ड या स्टुडिओचे. तुमची मुख्य अडचण एका जगाची आहे, आणि त्यांची विचार करण्याची पद्धत नेमकी त्याच अंगाने जाते. ते एकेक जमात घेतात, तिची वेशभूषा, तिची शस्त्रे, तिचे ढालीवरचे चिन्ह ठरवतात, आणि मग त्या जमातीचे साधे शिपाई, सरदार, स्वारीचा प्राणी असे सगळे एकाच हाताने घडवल्यासारखे देतात. त्यांचे बुटके (ड्वार्फ) पाहा किंवा ऑर्क पाहा, अंग भरीव असते, पंजे मोठे असतात, शस्त्राचा दांडा पुरेसा जाड असतो. फायली आधीच सपोर्ट लावूनही मिळतात, ही नवशिक्यासाठी मोठीच सोय आहे. तुमच्या मोहिमेतला, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेतला, मुख्य शत्रुपक्ष कोणता ते ठरवून त्यांच्या एकाच जमातीचा संच घ्या आणि त्याचेच बारा-पंधरा नग काढा. टेबलाचा नूर तेवढ्यानेच पालटतो.

आर्चव्हिलन गेम्सची शिफारस मी खास खेळ चालवणाऱ्यांसाठी करतो. नावाप्रमाणेच त्यांचा जीव खलनायकांत आहे. मूर्तीबरोबर ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत बसणारी त्या पात्राची आकडेवारी आणि साहसकथाही देतात, त्यामुळे मूर्ती हाती आल्यावर तिचे करायचे काय हा प्रश्न उरत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. त्यांचे बडे खलनायक पंख, साखळ्या आणि उडणारे झगे यांनी लगडलेले असतात, अनेक तुकड्यांत येतात आणि वेळ मागतात. मोहिमेच्या शेवटच्या लढाईसाठी अशी एखादी मूर्ती महिनाभर आधी हातात घ्यावी. दर आठवड्याला लागणाऱ्या चकमकींसाठी त्यांच्याकडे जाऊ नये.

तुमची मोहीम भयाकडे झुकणारी असेल, ओसाड मठ, रोगट गावे आणि पापाच्या ओझ्याने वाकलेले यात्रेकरू अशा धाटणीची असेल, तर बेस्टिएरम मिनिएचर्सचे काम पाहा. इतकी एकसंध उदासी मला दुसऱ्या कोणाच्या मूर्तींत आढळलेली नाही. त्यांच्या आकृती सडपातळ आणि वस्त्रांच्या चुण्यांनी भरलेल्या असतात, म्हणजे मी वर सांगितलेल्या जाडजूड शैलीच्या उलट; तरी मी त्यांची शिफारस करतो, कारण चुण्या खोल कोरलेल्या असतात आणि आकृतीची बाह्यरेषा कायम स्वच्छ राहते. फक्त त्यांना आर्टिझन गिल्डच्या बुटक्यांशेजारी उभे करू नका. दोघांचाही त्यात तोटा होतो.

ड्रॅगनसाठी ड्रॅगन ट्रॅपर्स लॉज. पुष्कळ शिल्पकार ड्रॅगनला पंख पसरलेल्या, तोंड वासलेल्या एकाच ठरावीक पवित्र्यात उभा करतात, आणि मग तो टेबलावर इतकी जागा अडवतो की खेळाडूंना आपली मूर्ती ठेवायला चौकोन सापडत नाही. खरेदीपूर्वी बेस, म्हणजे मूर्तीखालची चकती, किती मिलिमीटरचा आहे ते वाचा. एक इंचाच्या चौकोनी आखणीवर साध्या माणसाला सुमारे 25 मिलिमीटर, त्याच्या वरच्या मापाला 50, त्याहून मोठ्याला 75 आणि अतिप्रचंड प्राण्याला 100 मिलिमीटरचा बेस लागतो. पंख बेसच्या बाहेर फार गेलेले नसावेत, किंवा गेले तर ते शेजारच्या मूर्तींच्या डोक्यावरून तरी जावेत. ड्रॅगन पोकळ करून काढणार असाल तर रेझिन निथळण्यासाठी तळाशी छिद्रे ठेवायला विसरू नका. आत अडकलेले ओले रेझिन काही महिन्यांनी भिंत फोडून बाहेर येते आणि रंगवलेली मूर्ती वाया जाते.

मोठ्या लढाया, रांगा करून उभे असलेले पायदळ, घोडेस्वार आणि ध्वजधारी यांची आवड असेल तर हायलँड्स मिनिएचर्सचे सरदार आणि शिपाई उत्तम आहेत, आणि त्यांच्याबरोबर वन पेज रूल्सचे एज ऑफ फँटसी हे मोफत नियम वापरता येतात. चार मित्रांच्या मोहिमेला त्यांची गरज एखाद्या वेढ्याच्या प्रसंगापुरतीच पडेल. लूट स्टुडिओजचे मासिक संच त्यांच्या विषयांच्या विविधतेसाठी चांगले आहेत. पण तुमच्याकडे विविधता आधीच गरजेपेक्षा जास्त झालेली आहे, म्हणून तूर्त तिकडे वळू नये असे मी म्हणेन.

खेळाडूंच्या स्वतःच्या पात्रांचा प्रश्न मी यापासून वेगळा ठेवतो. राक्षस तुम्ही निवडावेत. पात्राची मूर्ती खेळाडूने निवडावी. त्याच्या मनात आपल्या पात्राचे चित्र पक्के असते, लंगडा पाय, डाव्या हातातला कंदील, खांद्यावरचा कावळा, आणि तयार मूर्तींत ते नेमके क्वचितच सापडते. यासाठी 2014 मध्ये किकस्टार्टरवरून, म्हणजे लोकवर्गणीतून, उभे राहिलेले हिरो फोर्ज हे संकेतस्थळ मला अजूनही सोयीचे वाटते. तिथे भाग निवडून मूर्ती जुळवता येते आणि तिची फाइल विकत घेता येते. शिल्प म्हणून त्या मूर्तीला एका कलावंताच्या हाताचा बाज नसतो हे खरे, पण आपले पात्र टेबलावर उभे राहिलेले पाहताना खेळाडूच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यापुढे मला तो आक्षेप मोठा वाटत नाही.

तुमच्या मित्राच्या फिलामेंट प्रिंटरला कमी लेखू नका. त्यासाठी शिल्पकार मात्र निराळे निवडावे लागतात, कारण या यंत्राला हवेत तरंगणारा भाग काढता येत नाही आणि त्याचे सपोर्ट काढताना मूर्तीवर व्रण राहतात. एरियन क्रॉफ्ट यांनी इल गॉटन गेम्सच्या नावाखाली वर्षानुवर्षे अशा मूर्ती आणि पॉकेट-टॅक्टिक्ससारखे संपूर्ण छापून खेळायचे खेळ दिले. त्यांच्या मूर्तींचा झगा जमिनीपर्यंत येतो, हात अंगाला टेकतात, शस्त्र शरीराला चिकटून उभे राहते, आणि हे सगळे इतके स्वाभाविक वाटते की सपोर्ट टाळण्यासाठी ते केले आहे हे सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. यंत्राची मर्यादा पवित्र्यातच मुरवून टाकणे, हे माझ्या दृष्टीने या माध्यमातले फार वरच्या दर्जाचे कसब आहे. ब्राइट मिनीज आणि ईसीथ्रीडी यांच्याकडेही फिलामेंटला मानवणाऱ्या मूर्ती पुष्कळ आहेत. मित्राला 0.4 ऐवजी 0.2 मिलिमीटरचा नोझल, म्हणजे प्लास्टिक बाहेर सोडणारी तोटी, लावायला सांगा. चेहरे कितीतरी सुधारतात. आणि भिंती, जिने, पूल, तळघरे हे काम तर सरळ त्याच्याकडेच सोपवा. फॅट ड्रॅगन गेम्सच्या ड्रॅगनलॉक फरश्या किंवा न्यूझीलंडच्या प्रिंटेबल सिनरीचे ओपनलॉक पद्धतीचे तुकडे त्याला पुरून उरतील. मात्र या दोन पद्धतींच्या खिट्या एकमेकींत बसत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा.

आता सदस्यत्वाविषयी. बहुतेक स्टुडिओ पेट्रिऑनवर किंवा मायमिनीफॅक्टरी या फायलींच्या संकेतस्थळाच्या ट्राइब्ज या सदस्यत्व-सेवेवर दरमहा एक संच देतात, आणि नव्या सदस्याला स्वागताचा संचही बहुधा मिळतो. सुट्या फायलींशी तुलना करता हे नगाच्या हिशेबाने खूप स्वस्त पडते, पण त्या स्वस्ताईमुळेच न लागणाऱ्या फायली साचत जातात. माझी पद्धत अशी आहे की मी एका वेळी एकाच स्टुडिओचा सदस्य असतो, तोही त्या महिन्याचा संच माझ्या मोहिमेत बसणार असेल तरच, आणि पुढचा महिना सुरू होण्याआधी त्या महिन्याच्या सगळ्या फायली उतरवून घेतो, कारण नंतर त्या मिळतीलच असे नसते. ज्या राक्षसाची एकच मूर्ती लागणार आहे त्याची सुटी फाइल घ्यावी. आणि घेतलेली फाइल मित्रांना पाठवू नये. घरच्या खेळासाठी प्रिंट काढण्याची मुभा वेगळी आणि प्रिंट विकण्याचा परवाना वेगळा असतो; विक्रीचा परवाना बहुधा वरच्या श्रेणीच्या सदस्यांनाच आणि सदस्यत्व चालू असेपर्यंतच असतो. यांतले पुष्कळ शिल्पकार एकट्याने किंवा दोघे-चौघे मिळून काम करतात, फाइल हीच त्यांची कमाई असते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात फुकट गेलेली प्रत्येक प्रत त्यांच्या पुढच्या महिन्याच्या कामावर घाला घालते. चौघे मित्र मिळून वर्गणी काढणार असाल तर सदस्य एकच असावा आणि प्रिंटही त्यानेच काढून द्याव्यात.

शोधताना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर ही राक्षसांची नावे खेळाच्या प्रकाशकाने स्वतःकडे राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे इतर शिल्पकार ती टाळतात. अनेक डोळ्यांचा तरंगता गोळा हवा असेल तर आय टायरंट अशा एखाद्या पर्यायी नावाने शोधा; जे काही सापडत नाही म्हणून तुम्ही हताश झाला असाल ते दुसऱ्या नावाखाली बहुधा मिळते.

भाले मोडण्याबद्दल. माझ्याकडेही एकदा असेच झाले होते. एका शिल्पकाराचा भालाईत मी सलग तीनदा काढला आणि तिन्ही वेळा दांडा मुठीच्या वर तुटला. रेझिनला, तापमानाला, माझ्याच हातांना दोष देऊन झाल्यावर स्लायसरमध्ये, म्हणजे फाइलचे प्रिंटरसाठी थर पाडणाऱ्या प्रणालीत, मोजून पाहिले तर दांडा अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीचा होता. त्या दिवसापासून मी नव्या शिल्पकाराची कोणतीही फाइल आधी स्लायसरमध्ये उघडून सर्वांत बारीक भाग मोजतो, आणि साध्या रेझिनसाठी भाल्याचा दांडा एक मिलिमीटरच्या आसपास असेल तरच पुढे जातो. तुम्ही 32 मिलिमीटरची मूर्ती 28 करण्यासाठी साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर आणली असेल, तर प्रत्येक दांडाही त्याच प्रमाणात बारीक झाला आहे हे ध्यानात घ्या. आणि फाइल सपोर्टसह आलेली असेल तर सपोर्टची टोकेही बारीक झाली, म्हणजे ती मूर्तीला नीट धरून ठेवणार नाहीत. माप बदलायचेच असेल तर सपोर्ट नसलेली फाइल घेऊन माप आधी बदलावे आणि सपोर्ट मागाहून लावावेत. मूर्ती ज्या प्रकारात येतात त्या एसटीएल फाइलमध्ये मापाचे एकक नोंदलेलेच नसते, फक्त त्रिकोणांचे बिंदू असतात. एखादी मूर्ती उघडल्यावर ठिपक्याएवढी किंवा पडद्याबाहेर जाणारी दिसली तर फाइल बिघडलेली नाही, मिलिमीटर आणि इंचांची गफलत झालेली आहे. मूर्ती धुतल्यावर, पण अतिनील प्रकाशात पक्की करण्याआधी, ती कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून मग सपोर्ट काढा. ते मऊ होतात आणि हलक्या हाताने सुटतात. हातमोजे मात्र तोवर उतरवू नका, कारण पक्के न झालेले रेझिन त्वचेला बाधते.

तुमच्या जागी मी असतो तर नवी खरेदी थांबवून पुढच्या तीन सत्रांत नक्की लागणाऱ्या प्राण्यांची नावे कागदावर लिहिली असती. त्यांतले जेवढे झवालांच्या संग्रहात आहेत तेवढे तिथून घेतले असते, मुख्य शत्रुपक्षासाठी आर्टिझन गिल्डची एक जमात निवडली असती, आणि आधी घेतलेल्या शेकडो फायलींमधून याच दोघांच्या शेजारी शोभतील अशा, म्हणजे भरीव अंगाच्या आणि मोठ्या पंजांच्या, तेवढ्याच बाजूला काढल्या असत्या. उरलेल्या फायली टाकून देऊ नका. पुढची मोहीम भयाची झाली तर सडपातळ आकृतींचे दिवस येतील. एकत्र मांडायच्या सगळ्या मूर्तींचे बेस एकाच पद्धतीने करा, तीच माती, तोच दगड, कडेला तोच रंग. निरनिराळ्या हातांच्या मूर्तीसुद्धा त्यामुळे एका जमिनीवर उभ्या राहतात.

आणि ज्या पाच-सहा मूर्तींचे भाले मोडले आहेत त्या परत काढू नका. 0.8 मिलिमीटरची पितळी तार आणा, मुठीत उरलेला दांड्याचा तुकडा कापून टाका, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने मुठीला वरून खालपर्यंत सरळ भोक पाडा, तार त्यातून ओवून सुपरग्लूच्या एका थेंबाने पक्की करा, आणि मोडलेल्या भाल्याचे पाते शाबूत असेल तर त्यालाही तळाशी तसेच भोक पाडून तारेच्या टोकावर बसवा. पाते हरवले असेल तर तारेचे टोक पकडीने चेपून चपटे करा आणि कानशीने त्याला टोक काढा. पहिल्या भाल्याला अर्धा तास लागेल, सहाव्याला पाच मिनिटे पुरतील.